आधी छप्पर, मग शेकोटी

मार्गशीर्ष सरत आला की नाशिक, धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांच्या पठारावर उत्तरेचे कोरडे वारे वाहू लागतात. गव्हाला फुटवे येतात, हरभरा घाट्यावर येऊ लागतो आणि यंदा थंडी चांगली पडली म्हणून शेतकरी समाधान व्यक्त करतो. त्याचे समाधान रास्तच आहे. परंतु रब्बीच्या पिकांना मानवणारी ही थंडी घरातील तान्ह्या मुलाला, बाळंतिणीला आणि वृद्ध माणसाला मानवत नाही, ही गोष्ट त्या समाधानाच्या भरात मागे पडते. पिकाच्या थंडीविषयी जितका विचार होतो, त्याच्या दशांशानेही घरातील थंडीविषयी होत नाही. घरात गारठा वाढला की उपाय एकच ठरलेला असतो, तो म्हणजे जाळ करणे. घरात असलेली ऊब बाहेर जाते कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आधी विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर बहुतेक घरांपुरते छपरात सापडते, हे येथे सांगावयाचे आहे.

थंडीचे मान

महाराष्ट्रात थंडी ती केवढी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हिमालयाच्या मानाने ती थोडी आहे यात शंका नाही. तथापि निफाड येथील कृषी संशोधन केंद्रावर कित्येक हिवाळ्यांत पारा पाच अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलेला आढळतो आणि राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव वारंवार येते. पुणे शहरात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश इतके कमी तापमान नोंदले गेले होते. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली उतरले आणि ते नेहमीच्या सरासरीहून साडेचार अंश वा अधिक खाली गेले, की भारतीय हवामान विभाग त्यास थंडीची लाट म्हणतो. चार अंश वा त्याखाली तापमान गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट मानली जाते.

दुसरी गोष्ट अशी की, थंड प्रदेशांतील घरे थंडीसाठी बांधलेली असतात. या पठारावरील नवी घरे तशी नसतात. बाहेर आठ अंश असताना एकेरी पत्र्याच्या घरात पहाटे दहा-अकरा अंशच असतील, तर ते घर वारा अडविण्यापलीकडे फारसे काही करीत नाही असेच म्हणावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरे व आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत समशीतोष्ण व थंड हवामानात घरातील तापमान अठरा अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचविले आहे. गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि वृद्धांच्या हृदयावर ताण येतो. नवजात बालकाचे वजन थोडे व त्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्याने त्याच्या शरीरातील उष्णता फार लवकर निघून जाते. धडधाकट माणसाच्या दृष्टीने जी रात्र केवळ कडाक्याची, ती या दोघांच्या दृष्टीने धोक्याची असते.

उष्णता जाते कोठून ?

उष्णता नेहमी उष्ण जागेकडून थंड जागेकडे वाहते. हा प्रवाह तीन वाटांनी होतो. पदार्थातून ती झिरपत जाते, हालत्या हवेबरोबर ती वाहून जाते आणि उघड्या पृष्ठभागावरून ती किरणांच्या रूपाने फेकली जाते. या तिसऱ्या वाटेचा अनुभव शेतकऱ्याला चांगला आहे. निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि वारा पडलेला, अशा रात्री द्राक्षाच्या व भाजीपाल्याच्या पानांचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही खाली उतरते आणि पानांवर दवाचे हिमकण होतात. पानातील उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून गेलेली असते. आभाळ आले की हा गारठा कमी होतो, कारण ढगांचे पांघरूण ती उष्णता काही अंशी परत पाठविते.

जे पानाचे होते तेच घरावरील पत्र्याचे होते. उघड्या आकाशाखाली रात्रभर पडून राहिलेला पत्रा हवेहूनही थंड होतो. लोखंडाची उष्णता वाहून नेण्याची शक्ती स्थिर हवेच्या सुमारे दोन हजार पट आहे, शिवाय पत्र्याची जाडी एक मिलिमीटरही नसते. म्हणून आतली उष्णता अडविण्याच्या कामी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होय. पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरतात आणि अंथरुणावर टपकतात, याला लोक पत्रा घामेजला असे म्हणतात. झोपलेल्या माणसांच्या श्वासातील वाफ थंड पत्र्याला लागून तिचे पाणी झालेले असते. छप्पर किती थंड झाले आहे याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

थोडा हिशेब

पंचवीस चौरस मीटर क्षेत्राचे, एकेरी पत्र्याचे एक घर डोळ्यांपुढे आणावे. बाहेर आठ अंश असताना आत अठरा अंश राखावयाचे, म्हणजे दहा अंशांचा फरक टिकवावयाचा, तर एकट्या छपरातून सुमारे दीड हजार वॅट इतक्या वेगाने उष्णता बाहेर जाते. दीड हजार वॅटची विजेची शेगडी रात्रभर चालू ठेवली तरच तेवढी भरपाई व्हावी. आठ तासांत तिला बारा युनिट वीज लागेल. आता याच पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करून त्यावर पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा कोरडा पेंढा किंवा पाचट पसरले, तर छपरातून जाणारी उष्णता साधारण सहाव्या हिश्शावर, म्हणजे अडीचशे वॅटच्या आसपास येते.

झोपलेल्या प्रौढ माणसाच्या अंगातून सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. पाच माणसांच्या कुटुंबाची ही उष्णता साडेतीनशे-चारशे वॅट भरते. म्हणजे पत्र्याच्या उघड्या छपरातून जाणाऱ्या उष्णतेच्या पासंगालाही ती पुरत नाही. पण छत केलेल्या घरात छपराची सारी तूट भरून ती थोडी उरते. घरातील माणसे हीच घराची शेगडी होय. तिला सरपण लागत नाही आणि ती धूरही करीत नाही. तिने दिलेली ऊब वरच्या वर निघून जाऊ दिली जाते, एवढाच दोष आहे.

भिंतींतूनही उष्णता जाते, हे खरे. परंतु विटांच्या किंवा मातीच्या जाड भिंतीत साठवण असते. या पठारावर हिवाळ्यातही दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत ऊन तापते आणि रात्री पारा आठ-दहावर येतो. जाड भिंत दिवसाची ही ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. पत्र्याजवळ अशी साठवण नाही. सूर्य मावळला की तासाभरात तो गार पडतो. सिमेंट-काँक्रीटचे छत संध्याकाळी काही वेळ उबदार राहते, पण पहाटेपर्यंत तेही गारठते. म्हणून या प्रदेशात उष्णता नव्याने उत्पन्न करण्याचा प्रश्न दुय्यम आहे. दिवसा फुकट मिळालेली उष्णता रात्री पुरविणे हा मुख्य प्रश्न आहे. पावसाचे पाणी बांध घालून अडविण्याचे महत्त्व ज्या शेतकऱ्याला पटले आहे, त्याला ही गोष्ट पटण्यास अडचण पडू नये. बांध फुटलेल्या शेतात विहिरीचे पाणी ओतीत बसण्यासारखेच उघड्या छपराखाली शेगडी पेटविणे आहे.

जुने घर आणि नवे घर

खानदेशातील धाब्याचे घर आणि मराठवाड्यातील माळवद यांत हा बांध घातलेला होता. लाकडी तुळया, त्यांवर फाट्यांचा किंवा किलच्यांचा थर आणि त्यावर फूटभर कुटून बसविलेली माती, असे ते छप्पर असे. ते उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राही, अशी आठवण वृद्ध माणसे आजही सांगतात आणि ती शास्त्राला धरून आहे.

तथापि जुने ते सर्व चांगले, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. फूटभर मातीचा भार दर चौरस मीटरला साडेचारशे किलोंच्या घरात जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे अशाच जड छपरांखाली आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतर हलक्या छपराकडे लोकांचा ओढा वाढला, त्यास दोष देता येणार नाही. लाकूड महागले, धाब्यावर दरवर्षी माती घालणारे हात राहिले नाहीत आणि गळतीला लोक कंटाळले, हीही कारणे आहेत. पत्रा स्वस्त, हलका आणि झटपट बसणारा. त्याने पाऊस अडविला. पण धाबे जे दुसरे काम मुकाट्याने करीत होते, ते पत्र्याला जमत नाही, हे ध्यानात घेतले गेले नाही. धाबे गेले आणि त्याची जागा अर्धीच भरली गेली. उरलेली अर्धी भरून काढण्यासाठी पुन्हा मातीचा डोंगर डोक्यावर घेण्याची गरज नाही. कोरड्या पाचटाचा थर, तट्टे आणि खालचा पातळ गिलावा मिळून दर चौरस मीटरला वीस किलोंच्या आत काम होते.

शेकोटीचा मोह व त्यातील धोका

अंगणातील शेकोटीविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. चार शेजारी एकत्र बसतात, हातपाय शेकतात, शेतीभातीच्या गोष्टी निघतात. मात्र तीत जुने टायर वा प्लास्टिक जाळू नये, कारण त्यांचा धूर विषारी असतो. खरा धोका शेकोटी उंबरठ्याच्या आत आल्यावर सुरू होतो. घमेल्यात निखारे घेऊन ते निजावयाच्या खोलीत ठेवणे, दारे-खिडक्या लावून घेणे आणि झरोक्यात चिंध्या कोंबणे, हा प्रकार अनेक घरांत चालतो. निखाऱ्यांना धूर नाही म्हणजे धोका नाही, असा समज त्यामागे असतो.

हा समज प्राणघातक आहे. अपुऱ्या हवेत कोळसा वा लाकूड जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या हिमोग्लोबिनशी हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोमाने संयोग पावतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. जागा असलेला माणूस कदाचित बाहेर पडेल. झोपलेला माणूस उठतच नाही. दरवर्षी हिवाळ्यात देशाच्या कोठल्या ना कोठल्या भागातून बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी मृत आढळल्याची वार्ता येते. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल तर विशेष जपून पाहिली पाहिजे. शेक-धुरी द्यावयाचीच असेल, तर ती दार उघडे ठेवून, जागेपणी व थोडा वेळ द्यावी आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी. बाळाला उबेसाठी आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांवर पांघरूण घालणे हा उपाय आज वैद्यकशास्त्रानेही उत्तम मानलेला आहे. डोक्याला टोपडे आणि पायांत मोजे असावेत.

झरोका बुजविण्याची सवय हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीची आहे. वर सांगितलेल्या घराची उंची तीन मीटर धरली, तर आत पंचाहत्तर घनमीटर हवा मावते. ही सर्व हवा दर तासाला एकदा बदलली, तरी दहा अंशांच्या फरकाला सुमारे अडीचशे वॅट एवढीच उष्णता जाते. उघड्या पत्र्यातून जाणाऱ्या उष्णतेचा हा सहावा भाग आहे. म्हणजे श्वासाला लागणारी हवा थोडक्यात मिळते, ती लोक अडवितात. आणि ज्या वाटेने घराची ऊब लुटली जाते, ती वाट वर्षानुवर्षे उघडी ठेवतात. हा क्रम उलटा झाला पाहिजे. छप्पर झाकावे आणि झरोका उघडा ठेवावा.

छत करावे कसे ?

यासाठी लागणारा माल बहुतेक शेतकऱ्यांच्या बांधावर पडलेला असतो, आणि पुष्कळदा तो जाळला जातो. उसाचे पाचट, भाताचा पेंढा, भाताचे तूस, तुरीच्या तुराट्या यांपैकी जे ज्या भागात मिळेल ते वापरावे. कडबा हा जनावरांचा घास आहे. तो छतात घालू नये. तुसात सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने ते लवकर कुजत नाही. ते स्वच्छ गोणपाटात भरून गाद्यांसारखे मांडता येते. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र या कामी घेऊ नयेत. त्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीच्या अळ्या सुप्तावस्थेत दडून राहतात आणि त्या घरात सांभाळून ठेवणे म्हणजे पुढील हंगामाच्या पिकावर संकट ओढवून घेणे होय.

वाशांच्या खालच्या अंगाला आडव्या बांबूंची चौकट बांधून त्यावर बुरुडाकडून विणून घेतलेली तट्टी पसरावीत आणि त्यांवर पूर्ण वाळलेल्या मालाचा पाच-सहा सेंटिमीटरांचा सारखा थर द्यावा. माल वाळलेला असणे अगत्याचे आहे, कारण उष्णता अडविण्याचे काम पेंढा स्वतः करीत नाही. त्याच्या काड्यांत अडकलेली स्थिर हवा ते करते. त्या हवेच्या जागी पाणी शिरले की थराचा गुण जातो, कारण पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. याच कारणाने पत्रा व थर यांमध्ये वीतभर मोकळी जागा सोडून तिची दोन्ही टोके जाळी लावून उघडी ठेवावीत, म्हणजे पत्र्याच्या घामाने थर भिजणार नाही. पत्र्याची गळकी भोके आधी बुजवावीत. तट्ट्यांना खालून शेणमातीचा पातळ गिलावा द्यावा. त्याने फटी बुजतात, कचरा गळत नाही आणि ठिणगीपासून काही अंशी रक्षण होते. वासे किडलेले वा वाकलेले असतील, तर ते बदलल्यावाचून वर भार घालू नये.

आगीविषयी दक्षता सर्वांत महत्त्वाची आहे. चुलीच्या वर असे छत कदापि करू नये. स्वयंपाकाची जागा भिंतीने वेगळी असावी आणि तिला पत्र्याच्या वर जाणारे धुरांडे असावे. आजवर पत्रा व भिंत यांमधील फटीतून जो धूर जात होता, त्याची वाट छतामुळे बंद होते, हे विसरता कामा नये. विजेच्या तारा थरातून नेऊ नयेत. नेणे भागच असेल तर नळीतून न्याव्यात. उंदीर व वाळवी यांसाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एकदा वर पाहणी करावी आणि दोन-तीन वर्षांनी थर बदलावा. काढलेले पाचट खताच्या खड्ड्यात जाते, म्हणजे त्यातही नुकसान नाही.

छताच्या जोडीला लहानसहान गोष्टींनीही पुष्कळ साधते. दक्षिणेकडील खिडक्या दुपारी उघड्या ठेवाव्यात, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व ऊन घरात खोलवर येते. ऊन उतरताच त्या लावून घ्याव्यात. दाराखालच्या फटीशी गोणपाटाची वळकटी ठेवावी. उत्तरेकडील भिंतीपासून हातभर अंतरावर तुराट्यांचा कूड उभा केल्यास वाऱ्याचा जोर मोडतो. फरशीवर निजणाऱ्याने अंगावर आणखी एक पांघरूण घेण्यापूर्वी खाली जाड गोधडी किंवा पेंढ्याची गादी घालावी, कारण फरशी अंगातील उष्णता सतत ओढून घेते. गोधडीत एकावर एक शिवलेल्या जुन्या लुगड्यांच्या थरांत जी हवा अडकते, तीच खरी ऊब देते. ज्या गृहिणीने गोधडी शिवली तिला छपराचे तत्त्व वेगळे शिकविण्याची आवश्यकता नाही. घराला वरून एक गोधडी हवी, एवढे सांगितले की पुरे.

गोठ्यासही हीच दृष्टी लागू आहे. मोठे जनावर थंडी सोसते, पण नुकते जन्मलेले वासरू व करडू सोसत नाही. त्यांच्या कोपऱ्यावर पाचटाचे छत, खाली कोरडे अंथरूण आणि वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचा पडदा असावा; मात्र मुताचा उग्र दर्प बाहेर जाण्यास वरच्या बाजूस वाट ठेवावी.

आक्षेप आणि उत्तर

थंडी दोन महिन्यांची, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर असे की, हे छत बारा महिने काम करते. याच प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. जो थर हिवाळ्यात आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तोच उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याची धग आत येऊ देत नाही. एकदा केलेल्या कामाचे फळ दोन ऋतूंत मिळते. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज कमी होतो, हा आणखी एक लाभ. मुलांना अभ्यास करता येतो, आजाऱ्याला झोप लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तट्टी व बांबू यांना पैसे लागतात, हे खरे आहे. परंतु पाचट घरचे, माती घरची आणि मेहनत बव्हंशी घरची. ज्यांना सर्व घर एकदम करणे परवडत नाही, त्यांनी वृद्ध माणसे व मुले जेथे निजतात तेवढ्या खोलीवरच यंदा छत करावे. अर्धे घर उबदार असणे हे पूर्ण घर गार असण्यापेक्षा केव्हाही बरे. शिवाय गावातील बुरुडाच्या हाताला काम मिळेल आणि शेतात जाळले जाणारे पाचट उपयोगी पडेल.

शासनाच्या योजनांतून जी घरे उभी राहतात, त्यांविषयीही येथे स्पष्ट बोलणे इष्ट आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ मध्ये सुरू झाला आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान पंचवीस चौरस मीटर क्षेत्राचे घर हे त्यात प्रमाण धरले गेले. घर पक्के आहे की नाही हे पाहताना भिंत, छप्पर व शौचालय यांची पाहणी होते. ते घर पहाटे किती गार आणि दुपारी किती तप्त असते, ही पाहणीही झाली पाहिजे. छप्पर पक्के असणे आणि छप्पर उबदार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराचा नकाशा मंजूर करतानाच आतल्या छताची तजवीज, वायुवीजनाचे झरोके आणि धुरांडे यांची अट घातली गेली, तर पुढे होणारा दुहेरी खर्च वाचेल. ग्रामपंचायतींनी आपल्या गावी एका अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या पत्र्याच्या खोलीवर असे छत करून दाखवावे, आत व बाहेर एकेक तापमापक लावावा आणि पहाटेचे आकडे फळ्यावर लिहावेत. शंभर व्याख्यानांनी जे पटत नाही, ते त्या दोन आकड्यांतील अंतराने पटेल.

शेतकरी आपल्या द्राक्षबागेसाठी थंडीच्या रात्री जागतो, रोपवाटिकेवर आच्छादन घालतो, कांद्याच्या चाळीला हवा खेळती राहील असे पाहतो. पिकाला काय लागते याचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्या माणसाने आपल्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरील उघड्या पत्र्याकडे एकदा पहाटे उठून पाहावे. त्यावर थेंब धरलेले असतील, तर घराची ऊब कोणत्या वाटेने गेली ते समजेल. पौषाची थंडी येण्यापूर्वी, दिवाळीनंतरच्या मोकळ्या आठवड्यात, ती वाट बंद करावी. मग अंगणात शेकोटी पेटवावी आणि ती विझवून, झरोका उघडा ठेवून, निश्चिंतपणे निजावे.